टाकळीचे शंख आणि रचनाकाराचा शोध : रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

नागपूर (प्रतिनिधी) : हिस्लॉप म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे महाविद्यालय उभे राहते. १८८३ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाला ज्यांचे नाव देण्यात आले, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप त्याआधी वीस वर्षे नागपूरजवळच्या एका नाल्यात बुडून मरण पावले होते. मिशनरी, शाळाचालक, भूगर्भशास्त्राचे अभ्यासक, गोंडी गीतांचे संग्राहक अशी त्यांची अनेक रूपे सांगितली जातात. या रूपांच्या पाठीमागे त्या काळच्या प्रत्येक शिकलेल्या स्कॉटिश पाद्र्याला पाठ असलेला एक युक्तिवाद उभा होता. सृष्टीत सर्वत्र रचना दिसते, रचना रचनाकारावाचून होत नाही, म्हणून ईश्वर आहे, असा तो युक्तिवाद. ही श्रद्धा मनात घेऊन आलेल्या माणसाने नागपूरच्या काळ्या पाषाणातून जे बाहेर काढले, ते पुढे याच युक्तिवादाच्या दोन्ही बाजूंच्या कामी आले.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यातील डन्स या लहानशा गावी झाला. वडील गवंडी होते आणि रिलीफ चर्च या पंथाचे वडीलधारे कार्यकर्तेही होते. थोरले बंधू अलेक्झांडर हेही पुढे पाद्री झाले. दगड आणि धर्म या दोन्हींची ओळख स्टीफन यांना घरातच झाली, असे म्हणावयास हरकत नाही. लहानपणी त्यांना कीटक गोळा करण्याचा छंद होता.

हे डन्स गाव आकाराने लहान. परंतु ईश्वरसिद्धीच्या वादात त्याचा परिसर मोठा आहे. तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ जॉन डन्स स्कॉटस याच गावचा, असे परंपरा मानते. विश्वाला आदिकारण असलेच पाहिजे हे तर्काने सिद्ध करण्यात त्याची हयात गेली. डन्सपासून काही मैलांवर चर्नसाइड येथे डेव्हिड ह्यूम यांचे घराणे नांदत होते. रचनेच्या युक्तिवादावर युरोपात झालेला सर्वांत कठोर हल्ला ह्यूम यांचाच. त्यांच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथात त्यांनी विचारले, की विश्व यंत्रासारखेच आहे असे का धरावे, ते झाडासारखे का नसावे? आणि यंत्र धरले तरी त्याचा कर्ता एकच, परिपूर्ण आणि दयाळू आहे हे कशावरून? तिसरे नाव जेम्स हटन यांचे. डन्सच्या जवळ त्यांची शेती होती आणि बेरिकशायरच्याच किनाऱ्यावर सिकर पॉइंट येथे १७८८ मध्ये त्यांनी उभ्या थरांवर आडवे विसावलेले थर पाहून पृथ्वीचे वय कल्पनेपलीकडचे असल्याचे ओळखले. गंमत अशी, की आधुनिक भूगर्भशास्त्राचा पाया घालणारे हे हटन पृथ्वीला सजीवांच्या निर्वाहासाठी शहाणपणाने योजलेले यंत्रच मानत होते.

हिस्लॉप यांचे शिक्षण एडिंबरो आणि ग्लासगो येथे झाले. धर्मशास्त्रात त्यांना थॉमस चामर्स यांच्यासारखे गुरू लाभले. विल्यम पेली यांचा १८०२ चा ग्रंथ तेव्हा इंग्लंड-स्कॉटलंडात घरोघरी पोहोचला होता. माळरानावर पडलेला दगड पाहून कोणी प्रश्न विचारीत नाही. पण तेथे घड्याळ सापडले तर घड्याळजी असलाच पाहिजे, आणि डोळा तर घड्याळाहून कितीतरी अधिक कौशल्याचा, हा पेली यांचा दाखला. अर्ल ऑफ ब्रिजवॉटर यांनी मृत्युपत्राद्वारे ठेवलेल्या ८,००० पौंडांतून सृष्टीतील ईश्वरी योजना दाखविणारे जे आठ ग्रंथ तयार झाले, त्यांतील पहिला १८३३ मध्ये चामर्स यांनीच लिहिला. त्यांचे म्हणणे पेलींपेक्षा जरा सूक्ष्म होते. पदार्थ आणि त्यांचे नियम यांत कर्त्याची खूण तितकीशी नाही. ती आहे पदार्थांच्या मांडणीत, कोणती वस्तू कोठे आणि कशाशेजारी ठेवली आहे यात, असे ते मानीत.

चामर्स यांनी आणखी एक वाट मोकळी करून ठेवली होती. बायबलमधील पहिल्या निर्मितीवचनानंतर अमर्याद काळाचा खंड पडला असावा, भूगर्भशास्त्राला लागणारी लक्षावधी वर्षे त्या खंडात सामावतात, असा अर्थ ते १८१४ पासून लावीत होते. त्यामुळे त्यांच्या शिष्याला हातोडा घेऊन डोंगर फोडताना पापाची भीती बाळगण्याचे कारण उरले नव्हते. आज हे चमत्कारिक वाटेल, पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक उत्तम भूगर्भशास्त्रज्ञ पाद्री होते आणि थर मोजणे हा त्यांच्या लेखी उपासनेचाच एक प्रकार होता.

कुंभार, घट आणि वारूळ

१८४३ मध्ये चामर्स यांच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चमधून शेकडो धर्मोपदेशक बाहेर पडले आणि फ्री चर्चची स्थापना झाली. हिस्लॉप या नव्या चर्चकडून हिंदुस्थानात आले. मद्रास फौजेतील विल्यम हिल या अधिकाऱ्याने नागपूर प्रांतात मिशन काढण्यासाठी मोठी देणगी देऊ केली होती. १८४४ च्या अखेरीस हिस्लॉप पत्नीसह मुंबईस उतरले आणि १८४५ च्या प्रारंभी कामठी छावणीत दाखल झाले. १८४६ मध्ये शाळा सुरू झाली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. हिस्लॉप यांनी मराठी आत्मसात केली आणि शाळा, प्रवचने व गावोगावचे दौरे असा क्रम सुरू झाला.

रचनेचा युक्तिवाद मात्र त्यांच्यासोबत बोटीतून प्रथमच येथे आला, असे समजण्याचे कारण नाही. घट दिसला की कुंभाराचे अनुमान होते, तसेच पृथ्वी, पर्वत हे कार्य दिसले की कर्त्याचे अनुमान होते, हा नैयायिकांचा जुना सिद्धांत आहे. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत त्याला भक्कम रूप दिले. शंकराचार्यांनीही सांख्यांचे अचेतन प्रधान खोडून काढताना घरे, वाडे, उद्याने यांचाच दाखला दिला आहे. विरोधकही तितकेच जुने. वेदांना प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टांनी जगत्कर्ता नाकारला. देहच नाही त्याला निर्मितीची इच्छा कशी व्हावी आणि दुःखाने भरलेले जग त्याने का करावे, असा त्यांचा सवाल होता. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी तर वारुळाकडे बोट दाखविले. मातीला आकार आहे एवढ्यावरून कर्ता कुंभारच ठरवायचा तर वारूळही कुंभारानेच केले, असे म्हणावे लागेल! ह्यूम यांच्या आधी अकराशे वर्षे मांडलेला हा मुद्दा आहे, हे विशेष.

अशा देशातील विद्यार्थ्यांना सृष्टीचा कर्ता आहे हे पटविणे फारसे अवघड नव्हते. अवघड होते ते त्यापुढचे पाऊल. मिशनच्या शाळेत भूगोल, विज्ञान आणि बायबल एकाच छपराखाली शिकविले जाई. मुले विज्ञान घेत, इंग्रजी घेत आणि घरी जात. १८४८ मध्ये एका ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा भोसले दरबाराने त्याला परत मागितले आणि ब्रिटिश रेसिडेन्सीने तो हवालीही केला. शहरात मोठी खळबळ उडाली. कर्ता आहे इतके सिद्ध झाल्याने तो ख्रिस्ती धर्माचाच देव कसा ठरतो, ही या युक्तिवादातील फट तर्कग्रंथांत जितकी जाणवते त्याहून अधिक नागपूरच्या शाळेत जाणवली असावी.

पुण्यात याच सुमारास एक विद्यार्थी स्कॉटिश मिशनच्या शाळेतून बाहेर पडला होता. जोतीराव फुले त्याचे नाव. त्यांनी कर्त्याची कल्पना स्वीकारली, धर्मांतर मात्र केले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकातील निर्मिक हा सर्व स्त्री-पुरुषांना समान हक्कांनिशी निर्माण करणारा आहे. मध्यस्थ पुरोहित त्याला नको आहेत. सृष्टीच्या रचनेवरून सुरू होणारी वाट कोठे कोठे जाऊ शकते, याचे याहून समर्थ उदाहरण महाराष्ट्रात नाही. उलट दिशेला गेले ते अकोल्यात शालेय शिक्षण पुरे केलेले गोपाळ गणेश आगरकर. मिल आणि स्पेन्सर वाचलेल्या आगरकरांनी देवकल्पनेचीच उत्पत्ती शोधावयास घेतली आणि अज्ञेयवाद पत्करला.

काळ्या पाषाणाच्या पोटात

हिस्लॉप वाद घालीत राहिले नाहीत. शाळा आणि प्रवचने आटोपल्यावर ते दगड पाहावयास निघत. नागपूरच्या पश्चिमेस टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या मातकट, गारगोटीसारख्या पातळ थरात त्यांना आणि हंटर यांना गोड्या पाण्यातील शंख मिळाले. पुढे त्याच थरांतून फळे, बिया, लाकूड आणि भुंगेऱ्यांचे कठीण पंखसुद्धा निघाले. सीताबर्डीच्या टेकडीतही असाच थर त्यांना दिसला.

या थराचा अर्थ आज शाळकरी मुलालाही समजेल, पण तेव्हा तो लावावा लागला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला. तो एकदम पसरला नाही. एक लोट आला, थंड झाला. त्यावर पावसाचे पाणी साचून तळी झाली, काठी झाडे वाढली, पाण्यात गोगलगायी नांदल्या. मग दुसरा लोट आला आणि तळे, झाडे, गोगलगायी सर्व त्याखाली गाडले गेले. नंतर त्या लोटावर पुन्हा तळे. नागपूरच्या गिट्टीत ही कथा लिहिलेली आहे.

कामठी आणि सिलेवाडा येथील वालुकाश्म तर त्याहून फार जुने. त्यात जिभेच्या आकाराची पाने उमटलेली होती. ही ग्लॉसोप्टेरिस वनस्पती. हिस्लॉप यांनी तिचे भरपूर नमुने गोळा केले आणि त्यांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. या थरांना हिस्लॉप यांनी ज्युरासिक मानले होते. तो अंदाज पुढे चुकला. ते २५ कोटी वर्षांहून जुने निघाले. या पानांचे आणि त्यांच्यासारख्या थरांचे भाऊबंद दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथेही सापडत गेले, तेव्हा एडवर्ड स्यूस यांनी १८८५ मध्ये एका प्राचीन महाखंडाची कल्पना मांडली आणि त्याला नाव दिले गोंडवनाचे. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत मध्य भारतातील गोंडांचे नाव गेले ते असे.

हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूगर्भावरील निबंध १८५४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे वाचला गेला. गोड्या पाण्यातील शंखांवरचा हिस्लॉप यांचा निबंध १८६० मध्ये त्याच संस्थेच्या नियतकालिकात आला. हंटर प्रकृती ढासळल्याने १८५५ मध्ये मायदेशी परतले होते आणि पुढे कोशकार म्हणून प्रसिद्धीस आले. हिस्लॉप आपले नमुने युरोपातील तज्ज्ञांकडे पाठवीत राहिले आणि या तज्ज्ञांची यादी पाहिली की त्या काळचा सारा वाद एका टेबलावर मांडल्यासारखा वाटतो. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवरील मांगली येथे मिळालेली एका उभयचर प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. त्यांनी तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. सर्व कशेरुकी प्राणी ईश्वराच्या मनातील एका मूळ आराखड्याच्या आवृत्त्या आहेत, असे ओवेन मानीत. टाकळीचे एक हिरवे खनिज डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन यांच्याकडे पोहोचले आणि १८५९ मध्ये त्यांनी त्याला हिस्लोपाइट हे नाव दिले. हे हॉटन स्वतः पाद्री. डार्विन आणि वॉलेस यांच्या नैसर्गिक निवडीवरील लेखांची जाहीर टर उडविणारे ते पहिल्या काही जणांपैकी एक होत आणि तेही त्याच वर्षी! नोव्हेंबर १८५९ मध्ये डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पेली यांच्या घड्याळाला प्रथमच एक प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण मिळाले.

मालेरी येथील थरांतून हिस्लॉप यांना माशाचे विचित्र दात मिळाले होते. थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये त्या माशाला सेरॅटोडस हिस्लोपियानस म्हटले. हा मासा कायमचा नष्ट झाला, असाच सर्वांचा समज होता. १८७० मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या नद्यांत त्याचा जिवंत नातलग आढळला. तो कल्ल्यांनी श्वास घेतो आणि फुप्फुसानेही घेतो. मासे आणि जमिनीवरील प्राणी यांच्या सीमेवर उभा असलेला हा जीव उत्क्रांतिवाद्यांना दुवा वाटला. हिस्लॉप तेव्हा हयात नव्हते.

या साऱ्यात एक गोष्ट नजरेतून निसटू नये. टाकळीच्या शंखाची वळणे पाहून पेली यांचा अनुयायी रचनाकाराची स्तुती करील. त्या शंखावर पसरलेला लाव्हा पाहून कुमारिलांचा अनुयायी विचारील, की मग हे कशासाठी? दोघांच्याही हातात पुरावा तोच आहे. हिस्लॉप यांच्या निबंधांचे विषय पाहिले तर ते थरांची जाडी, शंखांच्या जाती, गावांची नावे आणि थरांचा अनुक्रम हे आहेत. धर्म सांगण्यासाठी त्यांच्याकडे शाळा होती, रस्ता होता. पाषाणाबाबत त्यांनी मोजमाप सांगितले. म्हणूनच त्यांचे कालनिर्णय बदलले तरी त्यांची निरीक्षणे कोणत्याही पक्षाला टाकून देता आली नाहीत.

शिळावर्तुळांची शेवटची संध्याकाळ

गोंडांकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. गोंड राजे आणि प्रजा यांच्या प्रांतात वावरताना त्यांनी शब्द टिपले, चालीरीती लिहून घेतल्या आणि प्रधानांच्या तोंडून लिंगोची दीर्घ गाथा उतरवून घेतली. देवांची उत्पत्ती, गोंडांचे गुहेत कोंडले जाणे, लिंगोने त्यांना सोडवून गोत्रे व व्यवस्था लावून देणे असा तिचा विस्तार आहे. येथे जगाची घडी बसविणारा बाहेरचा घड्याळजी नाही. घडी बसवितो तो लोकांमधलाच एक. स्वतःचा सृष्टिकर्ता शिकवावयास आलेल्या मिशनऱ्याने दुसऱ्यांची निर्मितिकथा इतक्या निगुतीने लिहून ठेवावी, याचे मोल नागपूरने फारसे केलेले नाही.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त म्हणून आले. टेंपल यांना प्रांताची माहिती हवी होती आणि ती हिस्लॉप यांच्याइतकी कोणाकडे नव्हती. दोघांचे जमले. अजब बंगला म्हणून ओळखले जाणारे मध्यवर्ती संग्रहालय टेंपल यांच्याच काळात, १८६३ मध्ये सुरू झाले.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला दोघे नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट परिसरातील शिळावर्तुळे पाहावयास गेले होते. मोठमोठे दगड गोल मांडलेले, मधोमध दफन. ही वर्तुळे कोणाची हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. परंतु ती आपोआप झाली नाहीत, कोणीतरी रचली आहेत, याबद्दल पाहणाऱ्याच्या मनात शंका येत नाही. चामर्स यांचा मांडणीचा मुद्दा सिद्ध करावयास याहून सोपे स्थळ नसेल. मांडणारा माणूस होता, एवढाच फरक. दगड मात्र तोच काळा पाषाण, ज्याच्या थरांना कोणी हात लावलेला नव्हता.

पाहणी आटोपून टेंपल यांची मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली. हिस्लॉप गावातील शाळा पाहण्यासाठी मागे थांबले आणि संध्याकाळी एकटेच घोड्यावरून निघाले. मधल्या काळात वाटेतील नाल्याला पूर आला होता. अंधारात घोडा स्वाराविना मुक्कामावर पोहोचला, तेव्हा शोधाशोध सुरू झाली आणि नाल्यात त्यांचा मृतदेह मिळाला. सेहेचाळिसावे वर्ष पूर्ण होण्यास चार दिवस बाकी होते.

त्यांची अप्रकाशित टिपणे टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये नागपुरात छापली. लिंगोची गाथा त्यात आहे. मध्यंतरी १८५८ मध्ये मुंबईचे हेन्री कार्टर यांनी गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका चिमुकल्या जीवाला हिस्लोपिया हे नाव दिले होते, ते जीवशास्त्रात कायम आहे. टाकळघाट आणि खापा येथे नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८-६९ मध्ये उत्खनन झाले. वर्तुळांखाली लोखंडी अवजारे आणि मातीची भांडी मिळाली. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, लोहयुगीन लोकांची ठरली. ज्या प्रश्नासाठी हिस्लॉप त्या दिवशी टाकळघाटला गेले होते, त्याचे उत्तर मिळण्यास एकशे पाच वर्षे लागली.